हरवलेला पूर्वज व धर्मग्रामाची नोंदवही

(धर्मग्रामाच्या महोत्सवी सभेंत झालेलें भाषण)



आपल्या देवळाच्या या महोत्सवाच्या मंगल प्रसंगीं जुन्या नोंदवह्यांविषयीं चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली आहे. विषय असा आहे कीं, तो ऐकतां ऐकतां प्रत्येकाचें मन आपापल्या घराण्याकडे धांव घेतें. आपल्याच वहींतील एखादें पान आम्हीं येथें उघडलें, तर कोणाचे आजोबा कोणत्या सालीं गांव सोडून गेले याची चर्चा जेवणाच्या घंटेपर्यंत चालेल आणि वक्त्याकडे कोणी पाहणार नाहीं! म्हणून आम्हीं मुद्दाम एका दूर देशाची गोष्ट निवडली आहे. शेजाऱ्याच्या घरचा दिवा पाहून आपल्या दिव्याची वात पुढें सारावी, एवढाच आमचा हेतु आहे.

तो देश स्कॉटलंड. डोंगराळ, थंड व बऱ्याच भागीं नापीक असलेल्या त्या देशानें गेल्या तीन शतकांत आपलीं मुलें जगभर पाठविलीं. कोणी पलटणींत शिरला, कोणी कॅनडांत अगर ऑस्ट्रेलियांत जमीन नांगरूं लागला, कोणी आमच्याच मुंबई इलाख्यांत कंपनी सरकारची चाकरी धरली. मराठ्यांचा इतिहास 1826 सालीं प्रसिद्ध करणारा कॅप्टन ग्रँट डफ हा स्कॉटलंडमधील बँफ या गांवचाच होता. जेथें माणसें इतकीं पांगतात, तेथें घराण्यांतून असें एक नांव हटकून निघतें कीं, ज्याविषयीं वडील मंडळी म्हणतात, “तो गेला, पुढें त्याचें काय झालें, देव जाणे.” आज त्यांचे वंशज निरनिराळ्या खंडांतून एडिंबरोच्या दप्तरखान्याकडे वळतात आणि त्या हरवलेल्या पूर्वजाचा माग काढूं लागतात. त्यांना काय सांपडतें, तें कसें सांपडतें, आणि त्यांतून आपण काय घ्यावें, हें आज सांगावयाचें आहे.

आमचें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों, म्हणजे पुढील तपशील ऐकतांना तें ध्यानांत राहील. हरवलेला पूर्वज हा पुष्कळदां हरवलेला नसतो. तो लपविलेला असतो. घराण्याची आठवण सोयीची तेवढी गोष्ट ठेवते व गैरसोयीची गाळते. धर्मग्रामाची वही व न्यायालयाचें दप्तर यांना मात्र घराण्याच्या लाजेशीं कर्तव्य नसतें. म्हणून जें घरांत पुसलें जातें, तें तेथें राहतें.

प्रथम या वह्यांचें मूळ पाहूं. 1552 सालीं, म्हणजे स्कॉटलंड अद्यापि कॅथॉलिक असतांना, तेथील धर्मगुरूंच्या प्रांतिक परिषदेनें असा ठराव केला कीं, प्रत्येक धर्मग्रामांत बाप्तिस्म्यांची व विवाहघोषणांची नोंद ठेवावी. आज उपलब्ध असलेल्या वह्यांपैकीं सर्वांत जुनी वही पर्थशायर परगण्यांतील एरल या गांवची असून ती 1553 सालापासूनची आहे. 1560 सालीं त्या देशांत धर्मक्रांति झाली, देवळें प्रेस्बितेर पंथाच्या हातीं गेलीं आणि वह्या पुढें त्यांच्या सेवकांनीं चालविल्या. इकडे आपल्या ख्रिस्तसभेंत 1563 सालीं त्रेंतच्या विश्वपरिषदेनें विवाहाची नोंद आवश्यक ठरविली, व 1614 सालच्या रोमन विधिग्रंथानें प्रत्येक विगारानें ठेवावयाच्या वह्यांचे नमुने घालून दिले. स्कॉटलंडांतील नऊशेंहून अधिक धर्मग्रामांच्या सुमारें 3500 जुन्या वह्या आज एडिंबरो येथें सरकारी दप्तरखान्यांत सुरक्षित आहेत. त्या 1854 सालापर्यंतच्या आहेत. कारण 1 जानेवारी 1855 पासून जन्म, विवाह व मृत्यु यांची सरकारी नोंद सुरू झाली.

माग काढणारा शहाणा मनुष्य या 1855 सालापासून मागें जातो. त्या देशाच्या मृत्युनोंदींत मृताच्या बापाचें नांव असतें, आणि आईचें नांव तिच्या माहेरच्या आडनांवासह असतें. म्हणजे 1856 सालीं ऐंशीं वर्षांची एखादी म्हातारी वारली असेल, तर तिच्या नोंदींत 1776 च्या सुमारास संसार करणाऱ्या जोडप्याचीं नांवें सांपडण्याचा संभव असतो. आतां, जो हरवला त्याची मृत्युनोंद मिळणारच नाहीं, हें उघड आहे. पण त्याचे भाऊ, त्याच्या बहिणी हरवल्या नव्हत्या ना? त्यांच्यापैकीं कोणी गांवींच वारलें असेल, तर त्यांच्या नोंदींत त्याच मायबापांचीं नांवें असतात. हरवलेल्याचा माग न हरवलेल्या भावंडांच्या दारावरून जातो, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

दुसरी खूण नांवांची. स्कॉटिश कुटुंबांत जुनी चाल अशी कीं, थोरल्या मुलास बापाच्या बापाचें नांव द्यावें, दुसऱ्यास आईच्या बापाचें. थोरल्या मुलीस आईच्या आईचें, दुसरीस बापाच्या आईचें. ही चाल सर्वत्र सारखी पाळली जात नसे, तरी तिच्यावरून दिशा कळते. कॅनडांत जाऊन राहिलेल्या एखाद्या गृहस्थानें आपल्या बापाचें नांव कोठें लिहून ठेवलें नसेल, पण थोरल्या मुलाला हांक मारतांना तो रोज तेंच नांव उच्चारीत असेल. आपल्याकडेहि आजोबांचें नांव नातवास देण्याची चाल आहे; आणि पेद्रू, इनास, जुवांव हीं नांवें दाखल्यावर पीटर, इग्नेशियस, जॉन होतात, हेंहि आपणांस ठाऊक आहे. तसेंच तिकडे कॅथॉलिक धर्मगुरूंच्या लॅटिन नोंदींत जेम्सचा याकोबुस होतो. शोधणाऱ्यानें एका माणसास दोन माणसें समजूं नये, आणि दोन माणसांस एक समजूं नये.

कोणी विचारील, इतक्या वह्या असतांना माणूस हरवतो तरी कसा? त्याचीं कारणें साधीं आहेत. पुष्कळ गांवीं, विशेषतः उत्तरेकडील डोंगरी भागांत व बेटांत, वह्या फार उशीरां सुरू झाल्या. कांहीं जळाल्या, कांहीं भिजल्या. 1783 सालीं सरकारनें प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर बसविला. तो 1794 सालापर्यंत चालला. तीन पेन्स ही मजुराला थोडी रक्कम नव्हे. म्हणून त्या अकरा वर्षांत पुष्कळांनीं मुलांचा बाप्तिस्मा करविला, पण वहींत नांव घातलें नाहीं. दफनाच्या नोंदी तर बहुतेक ठिकाणीं अपुऱ्याच आहेत.

आणि आमच्या धर्मबंधूंचें दुःख याहून वेगळें होतें. 1560 नंतर त्या देशांत मिस्सा करणें हा कायद्यानें गुन्हा ठरला. धर्मगुरु वेष पालटून डोंगरांतून फिरत. अशा स्थितींत त्यांनीं वह्या कोठें ठेवाव्या? कॅथॉलिक वह्या ज्या मिळतात त्या बहुतेक अठराव्या शतकापासून पुढच्या, व आरंभीं फारच थोड्या. कायद्याची सवलत 1793 सालीं मिळाली, आणि बिशपांची रीतसर परंपरा पुन्हां स्थापन होण्यास 1878 साल उजाडलें. मधल्या काळांत, 1772 सालीं, ग्लेनॅलाडेलच्या जॉन मॅक्डोनल्ड या गृहस्थानें दक्षिण युइस्ट व आसपासच्या भागांतील दोनशेंहून अधिक कॅथॉलिकांस जहाजांतून कॅनडाच्या किनाऱ्यावरील, आज प्रिन्स एडवर्ड या नांवाच्या, बेटावर नेलें. दक्षिण युइस्टच्या जमीनदारानें कुळांवर धर्म सोडण्याची सक्ती चालविली होती, हें त्याचें एक कारण होतें. त्यांच्या वंशजांनीं आज आपल्या पूर्वजांचे बाप्तिस्मे शोधावयाचे म्हटले, तर कोरें पानहि हातीं लागत नाहीं. कारण वहीच नाहीं.

पण ईश्वरी योजना पाहा. अठराव्या शतकाच्या आरंभीं प्रेस्बितेर सेवकांकडून त्यांच्या त्यांच्या धर्मग्रामांतील कॅथॉलिकांच्या याद्या मागविण्यांत आल्या. हेतु त्यांच्यावर नजर ठेवण्याचा होता. आज त्याच याद्या आमच्या त्या बांधवांच्या निष्ठेची साक्ष देतात. छळणाऱ्यानें लिहिलेलें नांव छळ सोसणाऱ्याचा मानपट होऊन बसलें!

आतां बाप्तिस्म्याच्या वहीपलीकडे जाऊं. त्या देशांत प्रत्येक धर्मग्रामांत सेवक व निवडलेले वडील यांची एक सभा असे. तिला किर्क सेशन म्हणत. गरिबांस मदत देणें व लोकांच्या वर्तनावर देखरेख ठेवणें हीं तिचीं कामें होतीं. कोणी एका धर्मग्रामांतून दुसऱ्यांत राहावयास गेला, तर त्यास आपल्या सभेचा वर्तणुकीचा दाखला न्यावा लागे. अविवाहित स्त्रीस मूल झालें, तर तिला सभेपुढें बोलावून बापाचें नांव विचारीत. तो शेजारच्या गांवीं पळून गेला असेल, तर तेथील सभेस पत्र लिहीत. अपराध कबूल झाल्यावर दोघांनाहि रविवारीं भर देवळांत पश्चात्तापाच्या आसनावर उभें करून सेवक त्यांस शब्द देई. हें सर्व इतिवृत्तांत लिहिलें जाई. या वह्यांच्या प्रतिमा 2021 सालापासून जगांत कोठूनहि पाहण्याची सोय झाली आहे.

याचें एक प्रसिद्ध उदाहरण सांगतों. स्कॉटलंडचा राष्ट्रकवि रॉबर्ट बर्न्स हा आज साऱ्या जगास माहीत आहे. पण 1786 च्या उन्हाळ्यांत तो हरवण्याच्या अगदीं बेतांत होता. वय सत्तावीस, शेती तोट्यांत. आदल्या वर्षीं, 22 मे 1785 रोजीं, एलिझाबेथ पेटन नांवाच्या मोलकरणीपासून त्यास एक मुलगी झालेली. आतां मॉखलिन गांवची जीन आर्मर गरोदर. त्यानें जीनला लग्न कबूल केल्याचा कागद लिहून दिला होता. तिच्या बापानें त्यांतील नांवें कापून टाकविलीं आणि मुलीस दुसऱ्या गांवीं धाडलें. बर्न्सनें जमैका बेटांत नोकरीसाठीं निघून जाण्याचा निश्चय केला.

त्या काळचें दप्तर काय सांगतें तें पाहा. मॉखलिनच्या सभेच्या इतिवृत्तांत जीननें आपल्या स्थितीची कबुली देऊन मुलाचा बाप म्हणून रॉबर्ट बर्न्सचें नांव दिल्याची नोंद आहे. जुलै व आगस्ट महिन्यांत बर्न्स तीनदां देवळांत पश्चात्तापासाठीं उभा राहिला. 22 जुलै रोजीं त्यानें एक लेख करून आपल्या शेतीचा हिस्सा व छापावयाच्या कवितांचा नफा गिल्बर्ट या भावाच्या नांवें केला. अट ही कीं, त्यानें लहानग्या एलिझाबेथचें पालनपोषण करावें. हा लेख एयर येथील शेरीफ न्यायालयांत नोंदविला गेला. जीनच्या बापानें त्याच्यावर पकडहुकूम मिळविला, आणि कवि लपून राहूं लागला. इतक्यांत 31 जुलै रोजीं किलमार्नॉक गांवीं त्याच्या कवितांच्या 612 प्रती छापून निघाल्या, लोकांनीं त्या डोक्यावर घेतल्या, आणि जमैकाचा बेत मोडला. 3 सप्टेंबर रोजीं जीनला जुळीं मुलें झालीं. पुढें दोघांनीं विवाह केला. 5 आगस्ट 1788 रोजीं मॉखलिनच्या सभेनें त्यांचा तो अनियमित विवाह मान्य करून दोघांस शब्द दिल्याचें लिहिलें आहे, आणि बर्न्सनें गरिबांसाठीं एक गिनी दिल्याचेंहि लिहिलें आहे.

आतां समजा, तें पुस्तक निघालें नसतें व तो जमैकांत जाऊन तापानें मेला असता. तर आर्मरांच्या घरांत त्याचें नांव काढण्यास बंदी झाली असती. शंभर वर्षांनंतर एखाद्या पणतूनें विचारलें असतें, तर “तो एक पळपुटा होता” एवढेंच उत्तर मिळालें असतें. पण सभेची वही व शेरीफचें दप्तर हीं त्यास म्हणालीं असतीं: तो पळत होता खरा, पण पळण्यापूर्वीं त्यानें एका निराधार मुलीची सोय केली होती, आणि ज्या विवाहाचा कागद फाडला गेला, तो त्यानें स्वतः फाडला नव्हता. घराण्याच्या आठवणीपेक्षां दप्तर अधिक कठोर असतें, पण पुष्कळदां तेंच अधिक न्यायीहि असतें.

येथें आमच्या श्रोत्यांस एक शंका येईल: धर्मगुरूशिवाय विवाह कसा झाला? त्रेंतपूर्वीं ख्रिस्तसभेच्या नियमाप्रमाणें वधूवरांच्या परस्पर संमतीनें विवाह सिद्ध होत असे. साक्षीदार व धर्मगुरु यांची सक्ती त्रेंतच्या परिषदेनें घातली, ती गुप्त विवाहांपासून होणारे अनर्थ टाळण्यासाठींच. स्कॉटलंड त्यापूर्वींच रोमपासून तुटल्यामुळें तो जुना नियम तेथील कायद्यांत तसाच राहिला, आणि असे अनियमित विवाह 1940 सालापर्यंत कायदेशीर मानले जात. म्हणून पूर्वजांचा विवाह वहींत नाहीं, एवढ्यावरून तो झालाच नाहीं असें मानण्याची घाई करूं नये.

न्यायालयांचीं दप्तरें हा शोधाचा तिसरा मार्ग. मृत मनुष्याच्या चीजवस्तूची व्यवस्था 1823 सालापर्यंत कमिसरी न्यायालयें पाहत, नंतर शेरीफ न्यायालयें पाहूं लागलीं. या दप्तरांत मृताच्या गाई, धान्य, हत्यारें, देणीं व येणीं यांची यादी सांपडते. जमीन मात्र 1868 सालापर्यंत मृत्युपत्रानें देतां येत नसे. ती कायद्यानें थोरल्या मुलाकडे जाई. म्हणून मृत्युपत्रांत थोरल्याचें नांव नसलें, तर तो मेला अगर टाकला गेला असें समजूं नये. त्याचा वांटा दुसऱ्या दप्तरांत असतो. तेथें त्यास गांवच्या पंचांपुढें आपण मृताचे वारस आहों हें सिद्ध करावें लागे, आणि त्या निवाड्यांत दोन-तीन पिढ्यांचें नातें लिहिलेलें मिळतें.

ज्या स्त्रीस नवरा टाकून गेला, तिला 1573 च्या कायद्यानें चार वर्षांनंतर घटस्फोट मागण्याची मुभा होती. विवाहसाक्रामेंताचें बंधन अभंग आहे अशी आमची श्रद्धा असल्यामुळें त्या कायद्याचें समर्थन आम्ही करीत नाहीं. पण त्या दाव्यांत नवरा केव्हां गेला, कोणत्या पलटणींत शिरला, शेवटचें पत्र कोठून आलें, याविषयींच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साक्षी असूं शकतात. आणि हरवलेल्या माणसाचें शेवटचें पाऊल कित्येक वेळां तेवढ्यानेंच उमटतें. तसेंच फौजदारी खटल्यांचें. समुद्रापार ऑस्ट्रेलियास काळ्या पाण्यावर पाठविलेल्या एखाद्या चोराच्या खटल्याच्या कागदांत त्याचें वय, धंदा, राहण्याचें ठिकाण व त्याच्या ओळखीच्या माणसांच्या जबान्या असतात. सज्जन माणूस शांतपणें जगून मेला तर त्याच्याविषयीं दोन ओळी राहतात. अपराध्याविषयीं पानेंच्या पानें राहतात!

या कायद्यांतील एक गोष्ट आम्हांस फार हृदयंगम वाटली. स्कॉटलंडच्या जुन्या कायद्याप्रमाणें, कोणी मनुष्य बेपत्ता झाला तर त्याच्या मरणाचा पुरावा मिळेपर्यंत तो जिवंत आहे असेंच धरीत, आणि तेंहि थेट ऐंशीं ते शंभर वर्षांच्या वयापर्यंत. वारसांची अडचण होऊं लागली तेव्हां 1881 व 1891 सालीं कायदे झाले, आणि सात वर्षें खबर नसलेल्याच्या मालमत्तेची व्यवस्था करतां येऊं लागली. आजचा कायदा 1977 सालचा आहे. परंतु कित्येक पिढ्या त्या देशाच्या न्यायासनानें, जिची आशा आईनेंहि सोडली असेल त्या परत येण्याची वाट सोडली नव्हती.

आपल्या बाजूशींहि या शोधाचा संबंध पोहोंचतो. मुंबई इलाख्यांतील देवळांत झालेल्या बाप्तिस्मे, विवाह व दफनें यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवीत. 1709 ते 1948 पर्यंतच्या त्या प्रती आज ब्रिटिश लायब्ररींत आहेत. स्कॉटलंडच्या वहींत जो तरुण वयांत दिसेनासा होतो, तो कधीं कधीं या प्रतींत नवरा, बाप अगर मृत म्हणून पुन्हां दिसतो.

आणि कधीं उलटेंहि घडतें. ॲबर्डीनशायरमधील थिओडोर फोर्ब्स हा तरुण कंपनीच्या चाकरींत सुरतेस होता. तेथें एलायझा केवार्क या स्त्रीपासून त्यास 1812 सालीं कॅथरीन नांवाची मुलगी झाली. मुलीस लहानपणींच स्कॉटलंडला धाडलें. बाप 1820 सालीं समुद्रप्रवासांत वारला. आई सुरतेसच राहिली. एलायझानें लिहविलेलीं पत्रें फोर्ब्स घराण्याच्या कागदांत टिकलीं. वंशवृक्षांत ती आर्मेनियन असल्याचें सांगितलें जाई. 2013 सालीं तिच्या मातृवंशांतील नातलगांच्या रक्तगुणांची परीक्षा करणाऱ्यांनीं जाहीर केलें कीं, तिचा मातृवंश हिंदुस्थानचा होता. आज इंग्लंडचे युवराज विल्यम हे आईच्या बाजूनें तिचेच वंशज आहेत. दोनशें वर्षें एका बाईचा देश झांकून ठेवला गेला. तिचें नांव मात्र कागदांनीं राखलें. लपविलेला पूर्वज तो हा असा.

बंधुभगिनींनो, या शोधास दोन पथ्यें आहेत. पहिलें सत्याचें. नांव जुळलें म्हणजे माणूस जुळला असें नाहीं. एकाच गांवांत एकाच सालीं जन्मलेले चार जॉन मॅक्डोनल्ड असूं शकतात. जो आपणांस शोभेल तो उचलणें ही चोरी होय. साल, ठिकाण, मायबाप व साक्षीदार जुळल्याशिवाय कोणास आजोबा म्हणूं नये. दुसरें पथ्य प्रीतीचें. त्या सभेच्या वह्यांत लाजेनें मान खालीं घालून उभ्या असलेल्या मुली आहेत, आणि लिहिणारा त्यांच्या बाजूचा नव्हता. तें पान वाचतांना आपणहि आसनावर बसलेल्या वडिलांपैकीं एक होऊं नये. ज्याच्या पोटीं आपण जन्मलों, त्याचा न्याय करण्यास देव समर्थ आहे. आपलें काम त्यास घरांत परत घेण्याचें आहे. उधळ्या पुत्राचा बाप दारांत उभा होता. आपणांस त्याच्याप्रमाणें, पण उलट्या दिशेनें, हरवलेल्या बापाची वाट पाहत उभें राहावयाचें आहे.

शेवटीं आपल्या वहीविषयीं एकच गोष्ट. 1908 सालापासून ख्रिस्तसभेचा नियम असा आहे कीं, कोणाचा विवाह जगांत कोठेंहि झाला, तरी तेथील विगारानें बाप्तिस्मा झालेल्या धर्मग्रामास कळवावें आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारीं तो टिपला जावा. आजच्या धर्मकायद्यांतहि तो नियम आहे. म्हणजे आपल्या वहीचा तो अरुंद समास हा दूर गेलेल्या लेकराचा घराशीं राहिलेला धागा आहे. स्कॉटलंडांतील आमच्या बांधवांस जें मिळालें नाहीं, तें आपल्यास मिळालें आहे. म्हणून विगारांस विनंती कीं, समास कोरे राहूं देऊं नयेत. आणि मुंबईस, आखातांत, कॅनडांत व ऑस्ट्रेलियांत गेलेल्या आमच्या तरुणांस विनंती कीं, लग्न झालें, मूल झालें, कोणी देवाघरीं गेलें, तर गांवच्या देवळास चार ओळी कळवाव्या. घरीं असलेल्यांनींहि वृद्ध मंडळींपाशीं बसून जुन्या गोष्टी लिहून घ्याव्या. त्यांत ज्या गोष्टीं सांगतांना त्यांचा आवाज हळू होतो, त्या आधीं लिहाव्या.

या देवळाच्या वह्यांत ज्यांचीं नांवें आहेत त्यांच्यासाठीं, आणि ज्यांचीं नांवें कोणत्याहि वहींत नाहींत पण जीवनाच्या ग्रंथांत आहेत त्यांच्यासाठीं, आज आपण एक प्रार्थना करावी. हे प्रभो, त्यांस चिरशांति दे आणि तुझा अखंड प्रकाश त्यांच्यावर राहो. इतकें बोलून आम्ही आपली रजा घेतों.